ठमाबायचा कप

एक चाल मला अर्धीच येते. सुरुवात पक्की आहे, मधलं वळण पक्कं आहे, मग एक 'टिंग' आणि त्यापुढे पाटी कोरी. भाजी निवडताना, एसटीची वाट बघताना मी ती गुणगुणायला लागते आणि दर वेळी त्याच जागी येऊन अडते. धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, पुढे तरी जा, नाहीतर गप्प तरी बस." त्याचं बरोबर आहे. पण पुढचं मला खरंच आठवत नाही, आणि ती चाल माझ्याइतकी ऐकलेलं माणूस आता आसपास कोणी उरलेलं नाही. माझ्याबरोबर ती अर्धीच संपणार, ही रुखरुख मी आजवर कोणाला बोलून दाखवली नव्हती.

यंदा भावाच्या घरचा गणपती ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आषाढ सरत आला होता. रोह्याहून दुपारच्या गाडीने निघाले. निडीला नेहमीप्रमाणे कोणी उतरलं नाही, एक बाई तेवढी टोपली घेऊन चढली आणि माझ्याशेजारी बसून लगेच झोपली. नागोठणं गेलं, कासू गेलं, खिडकीतून खाडीकडची खारट ओल आत यायला लागली आणि पेण आलं. पेणमध्ये गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली आहेत, पण माझे पाय आपसूक नानांच्या कारखान्याकडे वळले. नाना, माझ्या वडिलांचे दोस्त, केव्हाच गेले. छपरावरची कौलं जाऊन पत्रे आले. दार मात्र तेच, आणि दारातला वासही तोच: भिजलेला शाडू, सरस, काथ्या आणि कोपऱ्यातल्या पेंढ्याची ती गोडसर ऊब. मी उंबऱ्यातच थांबले.

आत एक तिशीची मुलगी पाटावर बसून मूर्तीचे डोळे काढत होती. याला इथे आखणी म्हणतात, आणि आखणी करणाऱ्या माणसाशी त्या वेळी कोणी बोलत नाही. मीही बोलले नाही. तिने उजव्या डोळ्याची शेवटची रेघ ओढली, श्वास सोडला आणि कुंचल्याचं मागचं टोक शेजारच्या पाण्याच्या कपावर एकदाच आपटलं. टिंग. मग पुढची मूर्ती ओढली.

"हे कशाला गो, कपावर आपटायचं?" मी विचारलं.

"म्हायती नाय बाई," ती हसून म्हणाली. "डोलं झाले का एकदा वाजवायचं. आजी वाजवायची, म्हनून आई, म्हनून मी."

"आजीचं नाव काय तुझ्या?"

"ठमाबाय."

मी तिथल्याच एका उपड्या डब्यावर बसले. समोरच्या भिंतीला लागून शाडूचे बोटभर उंचीचे उंदीर वाळत घातले होते, रांगेने, शंभरएक तरी असतील. ते ज्याच्यावर ओळीने बसले होते ते कपाट नव्हतं. तो पियानो होता. पांढराशुभ्र रंगवलेला, कडेने सोनेरी रेघ. रंग आता पिवळट पडलाय आणि रेघ जागोजागी उडालीय. पण तो रंग कोणी, कोणत्या वारी दिला हे मला माहीत आहे. त्या कपाचंही मला माहीत आहे.

तो पियानो हायमकाकांचा. हायमकाका आमच्या रोह्याचे, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांच्या आज्याचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. हायमकाका मिसरूड फुटायच्या आत मुंबईला गेले आणि तीसेक वर्षं तिथल्या हॉटेलांमध्ये जॅझ वाजवत राहिले. मग एका मे महिन्यात ते, रिबेकाकाकू आणि हा पियानो असे तिघं ट्रकमधून रोह्याला परत आले. माझ्या वडिलांचं बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वडिलांनी पहिल्याच भेटीत विचारलं, जॅझ म्हणजे नक्की काय हो. काका म्हणाले, "भजनात बुवा एक ओळ धरून कसा भटकतो, दर वेळी नव्या वाटेनं? आणि मृदंगवाला त्याला बरोबर घरी आणतो? तेच. फक्त आमच्याकडं लोक त्या वेळेला जेवत असतात."

त्यांचं घर कुंडलिकेच्या बाजूला होतं. माझी शाळा आणि नंतरचं कॉलेज हे सगळं त्या पियानोच्या आवाजात झालं असं म्हटलं तरी चालेल. उन्हाळ्यात दारं सताड उघडी असायची आणि धुणं घेऊन जाणाऱ्या बायका खिडकीशी थांबून फर्माईश करायच्या, "काका, तो कालचा लावा." जसा काही रेडिओच. पावसाळ्यात पियानो फुगायचा. पट्ट्या दाबल्या की वर यायला कंटाळायच्या. मग काका आत एक पेटता बल्ब सोडून ठेवत आणि संध्याकाळी पियानोच्या फटींतून उजेड गळत असे. थंडीत वाल आले की नदीकाठी पोपटी लागायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, वरून जाळ. काका मडक्याशी बसून शेंगा सोलत आणि हात न धुता उठून पियानोवर बसत. महिनाभर पियानोला भांबुर्ड्याचा वास यायचा आणि काकू ओरडायच्या. शुक्रवारी दिवेलागणीला झाकण बंद व्हायचं. हॉटेलात तीस वर्षं शनिवारी वाजवलं, आता नाय वाजवणार, असं त्यांनी आल्याआल्या जाहीर केलं होतं. शनिवारी आमच्या आळीला कान भरून शांतता असायची, आणि रविवारी सकाळी पहिला सूर आला की आई म्हणायची, "उठा, घाणा सुरू झाला."

आई म्हणायची ते खरंच होतं. काकांनी स्वतः बांधलेल्या आठ चाली होत्या, आणि त्यातली सगळ्यात लाडकी घाण्याची. लहानपणी आज्याच्या घाण्याजवळ ऐकलेलं त्यांनी त्यात जसंच्या तसं ठेवलं होतं. डाव्या हाताने लाकडाचं ते करकरत फिरणं. उजव्या हाताने आज्याची बडबड. आणि बैल कोपऱ्यावर वळला की त्याच्या गळ्यातली घंटा एकदाच वाजायची, त्या जागी उजव्या हाताचा एकच सूर. त्या सुराआधी सगळं क्षणभर थांबायचं. मला लहानपणी वाटायचं, आता बैल वळलाच नाही तर काय.

मी बी.एस्सी. होऊन वडिलांच्या दुकानात सोल्डरिंगचे डाग द्यायला बसले होते, त्या वर्षी काकांच्या मुलाचं इस्रायलहून पत्र आलं. या. नातवंडं वाट बघतायत. काकू त्याच दिवशी ट्रंका झाडायला लागल्या. काका मात्र दुकानात येऊन बसले आणि बराच वेळ नुसतं रेडिओचं बटण फिरवत राहिले.

"पियानो जात नाय," ते म्हणाले. "ते एक बरं. तो दुसऱ्या कोणाला होईल. पण माझ्या चाली कुठं लिहिलेल्या नायत गो. त्या हातात हायत. आणि हे बोट," त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट धरून दाखवलं, "सकाळचं वाकत नाय आता. तीस वर्षं दुसऱ्यांची गाणी वाजवली. माझं एक बी कुठं वाजवून ठेवलं नाय."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं आणि मी माळ्यावरच्या टेपरेकॉर्डरकडे. मोठ्या स्पूलचा, दोन माइकांचा, कोणीतरी दुरुस्तीला टाकून परत न नेलेला. तो मीच जिवंत केला होता. रेकॉर्ड करायची हे त्या मिनिटाला ठरलं. काकांचा मुंबईचा जुना जोडीदार मिंगेल त्याचा माणसाएवढा, तारांचा बास घेऊन यायला तयार झाला. तबकडी काढून देणारा माणूसही त्यानेच शोधला. राहिली जागा. मुंबईच्या स्टुडिओतला पियानो काकांना नको होता, त्यांना स्वतःचाच हवा. घरी करावं तर शेजारी पोह्यांची गिरण, ती सगळ्या चालींना एकच ताल द्यायची.

जागा सुचली वडिलांना. पेणचे नाना होतेच. अनंत चतुर्दशी झाली की नानांचा कारखाना रिकामा, आणि पितृपक्षात नवं काम सुरू करायचं नाही म्हणून पंधरा दिवस तो रिकामाच राहतो. छप्पर उंच, भिंती जाड, आवाज घुमू नये म्हणून लावायला पेंढा आणि गोणपाट हवं तेवढं. नानांची अट एकच होती. घटस्थापनेला सकाळी पाटाची पूजा करून शाडूचा पहिला गोळा मळायचा, तो त्यांच्या घराण्याचा रिवाज. तोवर जागा मोकळी पाहिजे. काकांना ते पटलं. त्या वर्षी त्यांचा नव्याचा सण, म्हणजे नवं वर्षही त्याच सुमाराला येत होतं आणि सण झाल्यावर लगेच विमान. "तुमचा घट नि आमचा सण एकाच चंद्राकडं बघतात," ते नानांना म्हणाले. "मला पण तेवढेच दिवस हायत."

पियानो रोह्याहून आणायला नानांनी स्वतःची माणसं पाठवली. आयुष्यभर गणपती बांधलेली माणसं ती. त्यांनी पियानोचं झाकण उघडून आतल्या सगळ्या लाकडी हातोड्यांमध्ये पेंढा ठासला, कारण मूर्तीचे हात मोडू नयेत म्हणून असाच ठासतात. मग चौघांनी हात घातला, पण पियानो उचलेना. शेवटी एकाने सवयीने "गणपती बाप्पा" म्हटलं, बाकीचे "मोरया" म्हणाले आणि तो उचलला गेला. हायमकाकांनी डोक्यावरची हॅट काढली. पेणला उतरवल्यावर आम्ही सगळा दिवस पेंढा वेचत बसलो. एक काडी तरीही राहिलीच. तिसऱ्या गाण्यात ती बारीक झणझणते. मिंगेल म्हणाला, राहू दे, मुंबईत असा आवाज मागून मिळत नाही.

ड्रम वाजवायला दामू होता. पेणजवळच्या खाडीकाठचा, घरचा धंदा मिठागराचा, लग्नसराईत खालूबाजात ढोल. पावसाळा म्हणजे मिठागर बंद, म्हणून मोकळा. मिंगेलने त्याला सांगितलं, काही गाण्यांत काठी मारायची नाही, तारेच्या ब्रशने चामड्यावर नुसतं घासायचं. तारेचा ब्रश पेणमध्ये कुठून येणार? दामूने कारखान्यातला शिंदीचा कुंचा उचलला आणि घासून दाखवला. मिंगेलने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "हे माझ्याबरोबर मुंबईला द्या."

आणि ठमाबाय होती. नानांच्या कारखान्यात डोळे तीच काढायची. खाडीपलीकडच्या गावची, पन्नाशीची, हात असा की चालत्या एसटीत बसवली तरी रेघ हलली नसती. पितृपक्षात तिला काम नव्हतं, पण घरी करमत नाही म्हणून रोज यायची, दाराशी बसून आम्हाला बघायची आणि अधूनमधून चहा करायची. दुसऱ्या गाण्यात मध्येच तिचा आवाज आलाय, "चाय ठेवू का गो?" मी हातानेच गप्प राहायची खूण केली. ती खूण टेपमध्ये येत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की कोणी तिला उत्तरच दिलं नाही.

शुक्रवारपर्यंत सात चाली झाल्या. घाण्याची काकांनी मुद्दाम शेवटाला ठेवली होती. शनिवारी सुट्टी, आम्ही सगळे आपापल्या घरी. रविवारी सकाळी दार उघडलं आणि मिंगेल म्हणाला, "जीझस."

पियानो पांढराशुभ्र झाला होता. कडेने सोनेरी रेघ. काळ्या पट्ट्या काळ्याभोर, पांढऱ्या पट्ट्या दुधासारख्या. ठमाबाय हात पुसत बाजूला उभी होती आणि तिच्या तोंडावर ते हसू होतं, गिऱ्हाईक मूर्ती न्यायला येतं तेव्हा असतं ते.

"त्याचे दात पिवले झालेले," ती म्हणाली. "इतक्या लांब चालले काका. म्हटलं जाता जाता बघतील तर चांगला दिसू दे. शनवारी तुमी हात लावत नाय, म्हनून कालच बसलू."

तिच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हती. ज्या घरात वस्तू रंगवून झाल्याशिवाय पुरीच होत नाही, तिथे ते पिवळे दात तसेच सोडून देणं हाच अपमान. काकांनी हळूच एक पट्टी दाबली. शेजारच्या तीन पट्ट्या तिच्याबरोबर खाली गेल्या आणि चौघी तिथेच बसल्या. तेलरंग फटींमधून आत उतरून चिकटला होता. मला रडू येत होतं आणि राग तर इतका आला होता की मी ठमाबायकडे बघायचंही टाळलं.

काका स्टुलावर बसले, पियानोकडे वरून खाली बघितलं आणि म्हणाले, "ठमाबाय, माझं लगीन लावलंस की गो परत."

ती आधी हसली. मग आमची तोंडं बघून तिला उमगलं. ती शाडू कोरायच्या कोरण्या घेऊन आली आणि फटी साफ करायला बसली. रविवार, सोमवार, मंगळवार. टर्पेंटाइन, ब्लेड, कोरण्या. पट्ट्या एकेक करून सुटत गेल्या. मंगळवारी संध्याकाळी एक राहिली, मधल्या भागाच्या जरा वर. ठमाबाय म्हणाली, ऱ्हाऊ दे, मी सकाली बघते. पण माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर होता आणि धीर नव्हता. मी खालून उचकटलं. आत काडकन आवाज झाला. पट्टी सुटली, पण तिचा हातोडा मोडला होता. ती आता वर-खाली व्हायची आणि काही म्हणायची नाही.

ती नेमकी कुठली पट्टी होती ते काकांना बघावंही लागलं नाही. तो घंटेचा सूर होता. बैलाचा.

बुधवार म्हणजे सर्वपित्री. दुसऱ्या दिवशी सकाळी घट. मिंगेल म्हणाला, सगळी चालच दुसऱ्या पट्टीत वाजव. काकांनी वाजवून बघितली आणि मान हलवली. "हा बैल दुसऱ्याच घरचा वाटतो." दामूने झांज वाजवून बघितली. नानांनी आरतीची घंटा आणली, तर सगळ्यांना देवळात आल्यासारखं झालं. मी रंगाचे डबे बडवले. काहीच जमेना. काका म्हणाले, "सात झाल्या की. पुष्कळ झाल्या." ते असं हलकं बोलले की मला जास्तच लागलं. ती एकच चाल त्यांना न्यायची होती आणि ती मी मोडली होती. मी तसं म्हटलं. रडलेसुद्धा.

ठमाबाय दाराशी कुंचले धूत बसली होती. कान तुटलेला एक चिनी मातीचा कप, त्यात पाणी. तिने कुंचला बुडवला आणि सवयीने कपाच्या कडेवर झटकला. टिंग.

काका वळले. "परत मार."

तिने घाबरत घाबरत मारला. सूर जरा खाली होता. काका उठून गेले, मांडी घालून तिच्यासमोर बसले आणि कपातलं पाणी चमच्याने काढायला लागले. एक चमचा, टिंग. एक चमचा, टिंग. मिंगेल बासची तार धरून वाट बघत होता. पाचव्या की सहाव्या चमच्याला त्याने नुसतं बोट वर केलं. बैल आला होता.

"आता तूच वाजवायचा," काका म्हणाले.

"मी? मी डोलं काढते काका, वाजवत नाय."

"डोळा काढताना कुंचला कवा टेकवायचा ते तुला कोण सांगतं?"

तिने विचार केला. "कोन नाय. सगला थांबतो आपल्या आत. तवा टेकवायचा."

"मग तसंच. घाणा थांबला का टेकव."

पहिल्याच खेपेला ती चाल अशी झाली की मला ती अजून अंगावर जाणवते. काकांचा डावा हात फिरत होता, दामूचा कुंचा चामड्यावरून पेंढ्यासारखा सरसरत होता, मिंगेल मागून घर धरून उभा होता. सगळं थांबलं, आणि त्या थांबण्याच्या बरोबर मध्यावर, पापणीवर रेघ ठेवावी तसा ठमाबायचा सूर आला. दर फेरीला आला. एकदाही चुकला नाही. गाणं संपल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी टेपरेकॉर्डरकडे बघितलं. दोन बटणं एकदम दाबावी लागत. मी एकच दाबलं होतं. स्पूल फिरलं होतं कोरंच.

त्या दिवशी मला कोणी मारलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं. हायमकाकांनी मधलं बोट चोळलं आणि म्हणाले, "बरं झालं. परत वाजवायला मिळतं."

दुसरी खेप घेतली. ती टेपवर आहे, म्हणजे होती. शेवटचा सूर विरला तरी मी या वेळी बटण सोडलं नाही, त्यामुळे अगदी शेवटी ठमाबायचं "झालं?" पण आलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी त्याच जागेवर शाडूचा पहिला गोळा मळला. काकाही पूजेला उभे होते, हॅट हातात घेऊन, आणि संध्याकाळी त्यांच्या घरी नव्याचा सण होता, नारळाच्या दुधातल्या खिरीचा वाडगा घेऊन काकू आमच्या दारात आल्या होत्या. पियानो परत हलवायचा कोणालाच धीर नव्हता. काका म्हणाले, तो पेणलाच राहू दे, इथलाच झालाय आता. रंगवलाय तर ठेवा.

तबकडी आली ती ते गेल्यावर. मोजक्याच काढल्या होत्या. मागे नावं छापली होती: पियानो, बास, ड्रम, आणि शेवटी 'ठमाबाय: कप'. तशी काकांची सक्त ताकीद होती. तिकडून त्यांची दोनचार पत्रं आली. एकात लिहिलं होतं, इथे पियानो चांगला मिळाला, पण चहा ठेवू का असं मध्येच विचारणारं कोणी नाही. मग पत्रं थांबली. मिंगेल गेला, दामू गेला, ठमाबाय गेली. माझी तबकडी एका पावसाळ्यात दुकानात पाणी शिरलं तेव्हा भिंतीला टेकून राहिली, ती पोह्याच्या पापडासारखी वाकली. मूळ टेप मुंबईत कुठे गेली, कोणालाच सांगता आलं नाही. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं, घाण्याची चाल मला पहिल्या घंटेपर्यंतच येतेय.

"बाई, कुठली मूर्ती दाखवू तुमाला?" ठमाबायच्या नातीने विचारलं. ती कधीची माझ्याकडे बघत होती.

"थांब जरा," मी म्हटलं आणि उठून पियानोपाशी गेले. पट्ट्यांवरच्या झाकणावर उंदीर नव्हते, तेवढं नशीब. ते उघडलं. पांढऱ्या पट्ट्यांवर अजून ठमाबायचा रंग होता. मला वाजवता येत नाही, पण एका बोटाने चाल शोधता येते. निम्म्या पट्ट्या मुक्या होत्या. जिथे सूर नव्हता तिथे मी तोंडाने भरलं. घाणा फिरला. आज्याने बडबड केली. वळण आलं, आणि मी नेहमीसारखी त्याच जागी येऊन थांबले, मोडलेल्या पट्टीवर बोट ठेवून.

मागून टिंग आलं.

मी वळले नाही. सूर चुकला होता, चांगलाच खाली होता. वेळ बरोबर होती. आणि त्या टिंगनंतर, कुंचला हातात तसाच धरून, ती पोरगी पुढे गुणगुणायला लागली. पुढचं. उतरतं, मग बैल जरा दमल्यासारखा हळू, मग परत कोपऱ्याकडे. मला ते एकेक पाऊल ओळखीचं वाटत होतं, आणि तरी पुढचं पाऊल कुठे पडणार हे ती सांगेपर्यंत कळत नव्हतं. तिने शेवटपर्यंत म्हटलं. मध्ये दोनदा कप वाजवला.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"शिकवलं नाय कोनी. आजी डोलं काढताना हेच म्हनायची सारखं. आमी समदे म्हनतो." तिने माझ्याकडे बघितलं. "काय झालं? रडताव कनाला?"

मी पर्समधून मोबाइल काढला, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि दाबलंय की नाही हे दोनदा बघितलं. तोवर तिने कप उचलून कानाशी नेला होता. कुंचल्याने एकदा वाजवला, नाक मुरडलं, आणि त्यातलं गुलाबी पाणी थोडं मोरीत ओतून दिलं.

"पानी जास्त झालेलं," ती म्हणाली. "परत घ्या बाई. पैल्यापासून."